रखमाबाईंच्या केसचं शेवटी झालं काय?

आजीकडून अर्धवट ऐकलंय, ११ व्या वर्षी लग्न लागलेलं आणि मोठी झाल्यावर नांदायला जायला साफ नकार. नवऱ्याने कोर्टात खेचलं म्हणे, मग पुढे?

गिरगावकर: हो, नवरा दादाजी भिकाजी. १८८५ ला जज पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण अपील झालं आणि १८८७ मध्ये ऑर्डर आली की नांदायला जा नाहीतर सहा महिने जेल. ही बाई म्हणाली जेल चालेल!! केसरीने काय झोडपलंय तेव्हा तिला, आणि ती मात्र टाइम्समध्ये 'अ हिंदू लेडी' नावाने बालविवाहावर पत्रं लिहीत होती.

भटकी: जेलमध्ये जावंच लागलं नाही पण. १८८८ ला तडजोड झाली, नवऱ्याने २००० रुपये घेतले आणि विषय सोडला. मग ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरत, राजकोटला कित्येक वर्षं बायकांच्या दवाखान्यात काम केलं.

गिरगावकर: सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते हेही सांगा की, ते १८८५ लाच गेले, पुढचं सगळं त्यांच्याशिवाय निभावलं तिने.

प्रश्नकर्ती: २००० रुपये?? त्याने घेतले??

भटकी: हो, आणि दुसरं लग्नही केलं.