मदत हवी आहे : कूसीचा आंगेराँ सातवा – वंशवेल जुळत नाही

बखरवाला

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी कूसीचा आंगेराँ सातवा (१३४०–१३९७) याच्यावर लेख चालू आहे. सोबत वंशवेलीचा तक्ता द्यायचा आहे आणि तिथेच गाडी अडली आहे. कूसी म्हणजे उत्तर फ्रान्सच्या पिकार्दीतलं घराणं. आजचा एन जिल्हा.

अडचणी अशा :

आंगेराँ चौथा १३११ मध्ये निपुत्रिक वारला. मग पाचवा कोणाचा मुलगा? वंशवेलीच्या सॉफ्टवेअरमध्ये बाप-मुलगा अशी जोडणी केली की लाल खूण येते.

मृत्यूचं साल एका ठिकाणी १३९६, दुसऱ्या ठिकाणी १३९७. घ्यायचं कोणतं?

पहिली बायको इझाबेला, दुसरी इझाबेल, दुसरीची मुलगीही इझाबेल. दोन आयात केलेल्या फायलींनी तिघींची खिचडी केली आहे.

१३७५ मध्ये हा माणूस हाब्सबुर्गांवर (ऑस्ट्रियाच्या ड्यूकांचं घराणं) फौज घेऊन का गेला? लेखांत 'आईच्या हुंड्यासाठी' एवढंच सापडतं. नातं नेमकं काय?

तक्त्यात फ्रान्सचा राजा जाँ दुसरा दोनदा येतोय. ही चूक आहे की खरंच तसं आहे?

पोथीनिष्ठ

पहिल्यापासून घेतो.

पाचवा हा चौथ्याचा भाचा. चौथ्याची बहीण आलीक्स, तिचा नवरा गीनचा काउंट आर्नूल तिसरा, त्यांचा मुलगा आंगेराँ पाचवा. मामाला मूल नाही म्हणून मामाची गादी भाच्याकडे आली. म्हणजे पुरुषांकडून पाहिलं तर पाचव्यापासून पुढचे सगळे कूसी खरे गीन घराण्याचे. 'कूसी' हे किल्ल्याचं आणि जहागिरीचं नाव, ते जमिनीबरोबर चालतं. आडनावाच्या रकान्यात सगळ्यांना कूसी घालून बापाकडून बापाकडे रेघ ओढत गेलात की १३११ ला तुटणारच.

दुसरी मेख : पाचवा आणि सहावा हेही बाप-लेक नाहीत. मध्ये गियोम आहे (मृत्यू १३३५). क्रम असा : पाचवा → गियोम → सहावा → सातवा. आकडा नावाचा आहे, पिढीचा नाही. तसाच वरच्या बाजूला राऊल दुसरा आहे. तो चौथ्याचा थोरला भाऊ, १२५० मध्ये इजिप्तच्या स्वारीत मन्सूरा इथे पडला. त्याला गाळून तिसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलात तर बाप-लेक नातं बरोबर येईल, पण गादीचा क्रम चुकेल. म्हणून दोन वेगळे थर ठेवा : एक रक्ताचा, एक सत्तेचा. एकाच रेघेत दोन्ही कोंबणं हीच या घराण्यातल्या बहुतेक चुकांची मुळी आहे.

शिलालेख

सालाचं मी सांगतो, कारण इथे दोन्ही आकडे बरोबर आहेत.

त्या काळी फ्रान्समध्ये नवं वर्ष ईस्टरला सुरू व्हायचं (१ जानेवारीचा हुकूम १५६४ सालचा). १३९६ मध्ये ईस्टर २ एप्रिलला आलं आणि १३९७ मध्ये २२ एप्रिलला. म्हणजे तिथल्या कारकुनाचं १३९६ हे साल २ एप्रिल १३९६ ला लागलं आणि २१ एप्रिल १३९७ ला संपलं. निकोपोलिसची लढाई (ऑटोमन तुर्कांविरुद्धची) २५ सप्टेंबर १३९६ ची. आंगेराँ त्यात ऑटोमनांच्या हाती सापडला आणि १८ फेब्रुवारी १३९७ ला बुर्सा इथे कैदेत वारला. कारकुनाच्या वहीत दोन्ही गोष्टी १३९६ मध्येच पडतात. लढाईचं साल बदलत नाही, मृत्यूचं बदलतं.

कृती :

१. १ जानेवारी ते ईस्टरच्या आदला दिवस या पट्ट्यातली तारीख फ्रेंच कागदातून घेतली असेल तर सालात १ मिळवा. ईस्टरनंतरच्या तारखेला हात लावू नका.

२. मूळ साल टिपेच्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा. पुढचा माणूस '१३९६' घेऊन भांडायला येतोच.

३. दिनदर्शिका 'ज्युलियन' (त्या काळी चालणारी जुनी) निवडा. ग्रेगोरियन ठेवलीत आणि नंतर रूपांतराचं बटण दाबलं गेलं तर या शतकात ८ दिवसांचा फरक पडतो : १८ फेब्रुवारीचा २६ फेब्रुवारी होईल.

४. सॉफ्टवेअरमध्ये 'वर्षारंभ अमुक तारखेला' अशी सोय असली तरी ईस्टरसाठी ती कुचकामी. तिथे ठरावीक तारीख लागते, ईस्टर दरवर्षी हलतं.

ईस्टर फार हललं की एक गंमत होते. वरच्या उदाहरणात २ ते २१ एप्रिल या तारखा एकाच '१३९६' मध्ये दोनदा येतात. कागदावर 'ईस्टरपूर्वी' किंवा 'ईस्टरनंतर' असा शेरा असेल तर तो टिपायला विसरू नका, नाहीतर वर्षभराची गफलत होते.

इंग्लंडच्या कागदांना हा नियम लावू नका. तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, आणि राजदरबारी कागदांवर बहुधा राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. या माणसाचं अर्धं आयुष्य दोन्हीकडच्या कागदांत विखुरलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक तारखेपुढे कागद कुठला ते लिहाच.

टाकसाळ

इझाबेलांची उकल.

पहिली : इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याची थोरली मुलगी इझाबेला, जन्म १३३२. लग्न २७ जुलै १३६५, विंडसर. नवरी ३३ वर्षांची, नवरा २५ चा. सॉफ्टवेअर वयाबद्दल कुरकुरेल, दुर्लक्ष करा. तिच्या मृत्यूची १३७९ आणि १३८२ अशी दोन सालं छापलेली आढळतात. दोन्ही नोंदवा, एकच ठोकून बसू नका.

दुसरी : लोरेनचा ड्यूक जाँ पहिला याची मुलगी इझाबेल. लग्न फेब्रुवारी १३८६ चं, म्हणजे शिलालेख म्हणतात त्या हिशेबाने कागदावर १३८५.

तिसरी : या दुसरीची मुलगी. १४०९ मध्ये नव्हेरचा काउंट फिलिप याच्याशी लग्न, १४११ मध्ये मृत्यू.

फायली एकत्र करताना नावावरून जुळणी करू देऊ नका. बापाच्या नावावरून करा. तिघींचे बाप तीन वेगळे, तिथे घोळ होत नाही.

पहिलीच्या दोन मुली. मारी (१३६६) आणि फिलिपा (१३६७). मारी फ्रान्सची झाली, फिलिपा इंग्लंडची. शिवाय पर्सवाल नावाचा अनौरस मुलगा आहे. त्याची जोडणी फक्त बापाशी करा. आईच्या जागी रिकामी चौकट ठेवली की काही प्रोग्रॅम आपणहून पहिल्या बायकोला तिथे बसवतात.

पोथीनिष्ठ

आता १३७५. 'हुंडा' म्हटलं की रोकड आणि दागिने डोळ्यांपुढे येतात, इथे मामला जमिनीचा.

सातव्याची आई काथारिना ही ऑस्ट्रियाचा ड्यूक लेओपोल्ड पहिला याची मुलगी. हा लेओपोल्ड म्हणजे १३१५ मध्ये मोरगार्टनला स्विसांकडून मार खाल्लेला. त्याला मुलगा नव्हता, दोन मुलीच. १३२६ मध्ये तो वारला आणि मुलूख त्याच्या भावांकडे राहिला. काथारिनाचं लग्न १३३८ मध्ये आंगेराँ सहाव्याशी झालं. तिच्या वाट्याच्या जमिनी आल्सास आणि आजच्या उत्तर स्वित्झर्लंडच्या पट्ट्यातल्या. त्या ना तिला मिळाल्या ना मुलाला. सहावा १३४६ मध्ये गेला, काथारिना १३४९ मध्ये. सातवा नऊ वर्षांचा असतानाच पोरका झाला.

१३७५ मध्ये ज्याच्यावर तो चालून गेला तो लेओपोल्ड तिसरा म्हणजे लेओपोल्ड पहिल्याचा पुतण्या. काथारिनाचा चुलत भाऊ. म्हणून आंगेराँचा तो चुलत मामा. गंमत दुसऱ्या बाजूलाही आहे. काथारिनाची आई साव्हॉयच्या घरातली, आणि साव्हॉयचा काउंट आमेदेओ सहावा हा काथारिनाचा मामेभाऊ. १३७५ च्या आधी इटलीत आंगेराँ याच आमेदेओच्या बाजूने लढत होता. आईचा एक भाऊ मित्र, दुसरा वैरी. दोन्ही नाती एकाच बाईवरून जातात, म्हणून तक्त्यात काथारिनाच्या चौकटीला मोठी जागा द्या. बहुतेक तक्त्यांत ती कोपऱ्यात असते.

मोहीम फसली त्याची कारणं लेखात जरूर घ्या. १३७५ च्या तहाने इंग्लंड-फ्रान्स युद्ध थांबलं आणि भाडोत्री टोळ्या रिकाम्या झाल्या. आंगेराँने त्याच उचलल्या. लेओपोल्डने समोरासमोर लढायचं टाळलं आणि वाटेतला मुलूख जाळून टाकला. त्यामुळे ऐन हिवाळ्यात दाणावैरण मिळेना, फौज अन्नासाठी पांगली आणि पांगलेल्या तुकड्या एकेक करून कापल्या गेल्या : बुटिसहोल्झ, इन्स, आणि २७ डिसेंबरच्या आसपास रात्री फ्राउब्रुनेनच्या मठात. मारणारे बर्न, लुझर्नकडचे शेतकरी आणि शहरी लोक, ऑस्ट्रियाचे सरदार नव्हेत. पुढे तडजोडीत बूरेन आणि निडाऊ ही ठाणी पदरात पडली, ती १३८८ मध्ये बर्न आणि सोलोथुर्नने घेतली.

शिलालेख

जाँ दुसरा दोनदा येतो ते बरोबरच आहे, पुसू नका.

हा राजा १३५६ मध्ये प्वातिएला इंग्रजांच्या हाती लागला. १३६० च्या तहात ३० लाख एक्यू (फ्रेंच नाणं) खंडणी ठरली आणि ती फिटेपर्यंत सरदारपुत्र ओलीस गेले. आंगेराँ त्यातलाच एक. पाच वर्षांनी ज्याच्या कैदेत होता त्याचाच जावई झाला आणि खंडणी न देता सुटला.

आता जावई पाहा. मारीचा नवरा आन्री द बार, त्याची आई जाँची मुलगी. धाकट्या इझाबेलचा नवरा फिलिप, त्याचा बाप बर्गंडीचा ड्यूक, जाँचा धाकटा मुलगा. म्हणजे दोघे जावई एकमेकांचे आते-मामे भाऊ, एक जाँच्या मुलीचा मुलगा, दुसरा मुलाचा. आणि मारीचा स्वतःचा आजोबा एडवर्ड. कैदी राजाचा नातू नवरा, कैद करणाऱ्याची नात बायको.

चौकट एकच ठेवा, दोन्ही रेघा तिलाच जोडा. आयात करताना जाँच्या दोन नोंदी झाल्या असतील तर त्या एकत्र करा. पंखा-तक्त्यात (पिढ्या पंख्यासारख्या पसरून दाखवणाऱ्या) तो तरीही दोनदा दिसेल, ते चालतं.

टाकसाळ

पदव्यांचं राहिलं. बेडफर्डचा अर्ल (१३६६) आणि स्वासोंचा काउंट (१३६७) या दोन्ही सासऱ्याच्या कृपेच्या. स्वासों मूळचं दुसऱ्या ओलिसाचं, गी द ब्लवाचं. त्याने स्वतःच्या सुटकेसाठी ते एडवर्डला दिलं, एडवर्डने जावयाला दिलं. १३७७ मध्ये एडवर्ड वारल्यावर आंगेराँने इंग्लिश मान परत केले, स्वासों मात्र फ्रान्समधलं म्हणून राहिलं. पदवी नावात न घालता 'पासून–पर्यंत' अशी घटना म्हणून टाका, नाहीतर १३९० मध्येही तो अर्ल दिसतो.

फिलिपाच्या नोंदीत घटस्फोट आहे, पण पूर्ण नाही. नवरा रॉबर्ट द व्हीअर, ऑक्सफर्डचा अर्ल, इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याचा लाडका. त्याने १३८७ मध्ये राणीच्या दासवर्गातल्या एका बोहेमियन बाईसाठी घटस्फोटाचा निकाल मिळवून हिला टाकलं. ही राजाची सख्खी आतेबहीण, राजाचे काका हिचे मामा. ते खवळले नसते तरच नवल. रॉबर्टच्या आईनेही सुनेची बाजू घेतली. १३८९ मध्ये पोपने तो निकाल फिरवला, म्हणून 'विवाह रद्द' अशी नोंद करून सोडून देऊ नका, दोन्ही घटना टाका. मूलबाळ नाही.

बखरवाला

फारच उपयोगी, आभार. लाल खुणा गेल्या. शेवटचं : वंश पुढे कोणाकडून चालतो? 'आंगेराँबरोबर घराणं संपलं' आणि 'फ्रान्सचा राजा आन्री चौथा त्याचा वंशज' ही दोन्ही वाक्यं एकाच लेखात आहेत.

पोथीनिष्ठ

दोन्ही खरी. मुलगा वारस नव्हता म्हणून कूसी हे नाव संपलं. जमीन मारीने नोव्हेंबर १४०० मध्ये ४ लाख लिव्रला (फ्रेंच चलन) फ्रान्सच्या राजाचा भाऊ लुई, ओर्लेआँचा ड्यूक, याला विकली. मारीचा नवरा आन्री निकोपोलिसच्या मोहिमेवरून परतताना १३९७ मध्येच वारला होता, आणि सावत्र आई वाट्यासाठी न्यायालयात उभी होती. लुईचा नातू १४९८ मध्ये राजा लुई बारावा झाला, त्याबरोबर कूसी राजाच्या मालकीत गेलं.

रक्ताची रेघ वेगळी : मारी → रोबेर द बार (१४१५ मध्ये आझँकूरच्या लढाईत ठार) → जान द बार (त्याच वर्षी जन्म) → प्येर दुसरा, लक्झेंबर्ग घराण्याचा → मारी द लक्झेंबर्ग → शार्ल द बूर्बों → आंत्वान → आन्री चौथा, जन्म १५५३. तीन ठिकाणी (मारी, जान, मारी द लक्झेंबर्ग) बाई दुवा आहे, तिथे आडनाव बदलतं. ते जबरदस्तीने सारखं करू नका.

तक्त्याशेजारी किल्ल्याचं चित्र टाकणार असाल तर १९१७ पूर्वीचं घ्या. मधला बुरूज ५० मीटरहून उंच आणि ३१ मीटर व्यासाचा होता, तिसऱ्या आंगेराँने बांधलेला. मार्च १९१७ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने तो सुमारे २८ टन स्फोटकांनी उडवला. आजच्या फोटोत तिथे दगडांचा ढीग दिसतो.