तांब्याच्या गोळीने ग्रुप फाकला आणि डुक्कर दीडशे पावले पळाले

ओकखालचा

मी कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्याजवळ राहतो आणि गेली नऊ वर्षे काडतुसे घरी भरतो. माझी रायफल .३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची असून जुनी आहे. तिच्या नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचांचा, पीळ १२ इंचांत एक फेरा असा आहे. शिशाच्या गाभ्याची १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी तिला इतकी मानवली होती की १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाणावरचा त्यांचा पसारा, इंचभरात बसे. १ जुलै २०१९ पासून येथे कोणत्याही शिकारीसाठी शिसे वापरता येत नाही, म्हणून मी संपूर्ण तांब्याची, प्लास्टिकचे टोक असलेली १६८ ग्रेनची गोळी घेतली आणि प्रत्येक काडतुसाची एकूण लांबी पूर्वीचीच ठेवली. ग्रुप थेट तीन इंचांवर गेला.

गेल्या महिन्यात साठ यार्डांवरून एका रानडुकराला खांद्यामागे, फासळ्यांत गोळी मारली. ते दीडशे पावले पळून झुडपात शिरले आणि सापडायला तासभर गेला. गोळी बाहेर पडल्याचे भोक जेमतेम अंगठ्याएवढे होते. गोळी आत फुलून उघडलीच नाही, असे माझे मत झाले आहे. दोष गोळीचा, नळीचा की माझ्या भरणीचा, हे जाणकारांनी सांगावे.

पितळ-आणि-दारू

आपण धातू बदललात, पण बाकी सगळे शिशाच्या हिशेबाने ठेवलेत. मला तरी मूळ अडचण तेथेच दिसते. तांब्याची घनता सुमारे ८.९६ आणि शिशाची ११.३४ असल्याने त्याच व्यासाची आणि त्याच वजनाची तांब्याची गोळी अपरिहार्यपणे लांब होते. आपल्या दोन्ही गोळ्या कॅलिपरने मोजून पाहा, फरक डोळ्यांना दिसेल. लांब गोळी स्थिर राहायला अधिक पीळ लागतो, आणि १२ इंचांच्या पिळाला १६८ ग्रेनची तांब्याची गोळी अगदी काठावर पडते, विशेषतः थंड आणि दाट हवेत. म्हणून १५० ग्रेनवर या. वजन कमी केल्याने शिकारीत काही उणे पडत नाही, कारण तांब्याची गोळी आत शिरताना आपले वजन जवळजवळ पूर्ण राखते. शिशाची गोळी मात्र वाटेतच बरेच वजन गमावत असल्याने ती जड घ्यावी लागत असे.

दुसरी गोष्ट उडीची. गोळी केसमधून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून, सुटल्यावर आट्यांना भिडेपर्यंत जे अंतर कापते, ते शिशाच्या गोळीसाठी आपण कमीत कमी ठेवतो. तांब्याला ते अनेकदा मानवत नाही. ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास उडी देऊन सुरुवात करावी आणि तेथून थोडे पुढे-मागे करून पाहावे. माझ्या एका रायफलीला तर ०.०८० इंच उडी दिल्यावर अक्कल आली.

आता जे सांगतो ते कृपया हलक्याने घेऊ नये. शिशाच्या गोळीसाठी छापलेले दारूचे माप तांब्याच्या गोळीला लावू नका, दोघींचे वजन सारखे असले तरी. लांब गोळी केसमधील जागा खाते, खोल बसवली की आणखी खाते, आणि तांबे आट्यांत दबताना जास्त विरोध करते, त्यामुळे दाब अनपेक्षितपणे चढू शकतो. त्याच गोळीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेले माप घ्या, सर्वांत कमी मापापासून चढत जा, आणि गोळीची खोली बदलली की पुन्हा खालून सुरुवात करा.

शेवटचे, नळी साफ करा. शिशाच्या गोळ्यांवरच्या धातूच्या आवरणाने (जॅकेटने) सोडलेल्या जुन्या थरावर शुद्ध तांब्याचा थर चढला की ग्रुप फाकतो. अमोनियाच्या द्रावणात भिजवलेली चिंधी निळी निघायची थांबेपर्यंत हात थांबवू नये. तांब्याच्या गोळ्या बनवणाऱ्या बार्न्स कंपनीने २००३ मध्ये गोळीच्या अंगाला खाचा पाडल्या, त्यामागे नळीत तांबे कमी बसावे हे एक कारण होते. तरीही ही कटकट पूर्ण संपलेली नाही.

गुरांची डॉक्टरीण

मी पशुवैद्य आहे आणि शिकारही करते, म्हणून डुकराविषयी लिहिते. बाहेरचे भोक लहान म्हणजे गोळी उघडली नाही, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. अशा बहुतेक गोळ्या सेकंदाला सुमारे १८०० फुटांच्या वर वेग असेपर्यंत उघडतात, आणि साठ यार्डांवर आपल्या गोळीचा वेग त्याहून कितीतरी अधिक होता. ती चार पाकळ्यांनी उमलते आणि सरळ आरपार जाते. शिशासारखे तुकडे आजूबाजूला उडवत नाही, म्हणून जखम अरुंद आणि लांब होते. फुप्फुसे फुटलेले जनावरही काही सेकंद पळू शकते. आपण छाती उघडलीत तेव्हा फुप्फुसे कशी होती, ते आठवून सांगावे. डुकरासाठी मी नेम फासळ्यांवरून पुढे सरकवून खांद्याच्या हाडावर धरते. हाड मोडले की पळणे थांबते, मात्र खांद्याचे थोडे मांस नासते.

शिसे का गेले, हे मला एका पाकिटाने पटले. शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा खिमा मी एकदा दवाखान्यातील एक्स-रेखाली ठेवला, तर पडद्यावर पिठाची चिमूट उधळल्यासारखे पांढरे कण दिसले. शिकारीनंतर डोंगरात सोडलेल्या आतड्यांतून असेच कण कॅलिफोर्नियातल्या काँडोर या मोठ्या गिधाडाच्या पोटात जातात. १९८२ मध्ये ते जगात जेमतेम २२ उरले होते. आपल्या भारतात गिधाडांना डायक्लोफेनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाने मारले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली; विष वेगळे, पण वाट तीच, मेलेल्या जनावराच्या मांसातून.

ओकखालचा

दोघांचेही आभार. फुप्फुसांचा अक्षरशः लगदा झाला होता. मी ते पाहिले होते, पण पळालेल्या डुकराच्या रागात त्याचा अर्थ लावला नाही.

नळी साफ करायला दोन संध्याकाळी लागल्या. एकविसावी चिंधी पांढरी निघाली. मग १५० ग्रेनची गोळी उत्पादकाच्या सर्वांत कमी मापाने भरली आणि ०.०५० इंच उडी ठेवली. काल १०० यार्डांवरचा ग्रुप सव्वा इंच आला, त्यातली थंड नळीची पहिली गोळी किंचित डावीकडे. आता माप तेच ठेवून उडी ०.०७० करून पाहणार आहे.