बडोद्याहून कोकण किनारा: पाच रात्री, स्वतःची गाडी, भरपूर मासे. मार्ग कसा आखावा?

मांजलपूरकर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच रात्री मिळताहेत. माणसं चार, गाडी सीएनजी हॅचबॅक. तिघं मासे खाणारे, सासूबाई पूर्ण शाकाहारी. डोक्यात आहे ते असं: बडोदा – अलिबाग – दापोली – गणपतीपुळे – मालवण आणि परत. किल्ले, देवळं वाटेत आली तर बघू. मुख्य हेतू दोनच: समुद्र दिसत राहील असा रस्ता आणि ताजे मासे.

हे पाच रात्रींत बसतं का? जंगलजेटीवर (खाडीपार गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) लहान गाडी चढवताना काय सांभाळावं लागतं? मासे बंदरावर विकत घ्यावेत की खानावळीतच खावेत? आणि सासूबाईंच्या जेवणाचं कसं करावं?

घाटवळण

नाही बसत. मालवण काढून टाका, गणपतीपुळंही काढा. बडोदा ते मालवण जाऊन-येऊन हायवेनेच सतराशे किलोमीटरच्या वर होतं. किनाऱ्याचा रस्ता धरलात तर पाचही दिवस स्टिअरिंगवर जातील आणि मासे ढाब्यावर खावे लागतील. मालवण करायचंच असेल तर बडोद्याहून वसई रोड–पनवेल मार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या आहेत. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून तिथे गाडी भाड्याने घ्या. ती वेगळी सहल समजा.

गाडीने जायचं तर दिवेआगर ते हर्णै हा पट्टा मनसोक्त करा. माझा आराखडा असा:

पहिला दिवस बडोदा ते डहाणू किंवा बोर्डी, साधारण ३०० किमी. पहाटे पाचला निघा. भरूचपर्यंत नवा द्रुतगती मार्ग घ्या. दुपारच्या जेवणाला पोहोचता.

दुसरा दिवस सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा. डहाणूहून पहाटे निघून घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ सकाळी लवकर पार करा, तिथे ट्रक अडकला की दोन तास जातात. पुढे पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला जेटी धरून दिघीला उतरा आणि दिवेआगरला मुक्काम. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्या नेणारी मोठी फेरीबोट) आहे, पण तुमच्यासाठी सोयीची नाही, कारण तिच्यासाठी अख्खी मुंबई ओलांडावी लागते.

तिसरा दिवस खरा. दिवेआगरहून शेखाडी, कोंडविल, आरावी करत श्रीवर्धन. या वीसेक किलोमीटरमध्ये रस्ता पाण्याला इतका लगटून जातो की घाई करणं पाप आहे. तो सकाळी नऊच्या आधी करा, समुद्राकडे बघताना ऊन मागून असतं आणि समोरून गाड्या कमी. मग हरिहरेश्वर, बागमांडल्याला जेटी, पलीकडे वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै. सगळं मिळून शंभर किमीच्या आसपास, पण थांबत-थांबत दिवस पुरतो. किनाऱ्यावर ताशी २५-३० किमीच्या वर सरासरी पडत नाही, हा आकडा डोक्यात ठेवूनच हिशेब करा.

चौथा दिवस हर्णैला किंवा कर्द्याला नुसतं राहा. पाचव्या दिवशी दापोली–खेड करून मुंबई–गोवा हायवे, कशेडीला आता बोगदा आहे, रात्री पनवेल. सहाव्या दिवशी बडोदा.

नकाशात पत्ता टाकताना एक लक्षात ठेवा: मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारी. खोली एका मुरूडला आणि नकाशा दुसऱ्या मुरूडला, असं नेहमी होतं.

आता जेटी. बोटीची लोखंडी फळी जिथे काँक्रीटच्या उताराला टेकते तिथे कोन पडतो. त्या कोनात लहान गाडीचा पुढचा बंपर किंवा पोट घासतं. सीएनजीची टाकी आणि डिकीतलं सामान यांनी तुमची गाडी मागून आधीच बसलेली असणार, म्हणून चालक सोडून सगळ्यांना आधी उतरवा. चालत चढायला काही अडचण नसते. पहिला गिअर, चाकं किंचित तिरकी, आणि मध्ये थांबू नका. ओहोटीला उताराचा खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो, तिथे थांबलं की चाक जागीच फिरतं. कधी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात. तेव्हा आरशापेक्षा हात दाखवणाऱ्या माणसावर भरवसा ठेवा. बोटीवर हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करा.

ओहोटी फार खोल गेली की फेरी उशिरा सुटते. भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढता येते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती आणि सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जेटीवर पोहोचायची वेळ ठरवायला एवढं पुरतं. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकांना फोन करून फेरी चालू आहे ना, शेवटची किती वाजता, ते विचारा. खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, त्यामुळे जागा आणि वेळा बदलतात.

सीएनजीच्या भरवशावर राहू नका. किनाऱ्याला पंप विरळ आणि रांगा लांब. पनवेल–पेणच्या पुढचा सगळा हिशेब पेट्रोलवर धरा. टाकी श्रीवर्धनला भरली की पुढे दापोलीपर्यंत चिंता नाही. जेटीवर आणि खानावळीत रोख लागते, रेंज जाते आणि पैसे फोनमध्येच राहतात.

अंधारात गाडी नको. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो, रस्त्याला साइडपट्टी नसते, वळणावर गुरं बसलेली असतात. आणि वाळूवर गाडी अजिबात नेऊ नका. ओली वाळू कडक वाटते, थांबलं की चाकाखालून पाणी निघतं आणि गाडी रुतते, मागून भरती येत असते.

कोळंबी_कालवण

मार्ग वरच्या प्रतिसादात आलाच. मी माशांचं आणि जेवणाचं सांगते.

आधी वार बघा. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो. त्यातल्या गुरुवारी कोकणात पुष्कळ घरी मासे शिजत नाहीत. घरगुती खानावळ असेल तर त्या दिवशी ताट शाकाहारीच मिळेल. तुमच्या आठवड्यात गुरुवार येणारच, तो प्रवासाच्या दिवशी घाला.

दुसरं, खोली घेताना सरळ विचारा: "मासे करून देता का?" दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, गुहागर या गावांत राहायची उत्तम घरं बरीचशी पूर्ण शाकाहारी आहेत, तिथे बाहेरून आणलेले मासेही चालत नाहीत. सासूबाईंसाठी हेच सोयीचं. दिवेआगरला अशा घरी राहा: उकडीचे मोदक, आंबोळ्या, वालाचं बिरडं. तुम्ही तिघं जवळच्या खानावळीत मासे खा. हर्णैला मात्र मासे करून देणारं घर घ्या आणि सासूबाईंचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात होईल का ते आधीच बोला. बहुतेक जण मनापासून करतात, पण आदल्या रात्री सांगावं लागतं. पोहोचल्यावर सांगितलं तर पिठलं-भातावर भागवावं लागतं.

कुठे काय खायचं, हे महत्त्वाचं. बोंबील उत्तरेचा, म्हणजे डहाणू-पालघर बाजूचा. म्हणून पहिल्या दिवशी ओले बोंबील खाऊन घ्या, खाली जाल तसा तो कमी होत जातो. सातपाटीचं पापलेट नावाजलेलं, तेही त्याच पट्ट्यातलं. रायगडात खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या). हर्णैला सुरमई, बांगडा, हलवा, मांदेली, मिळालीच तर मुडदुशी. मुडदुशी दिसली तर दुसरं काही मागू नका.

हर्णै बंदरावर लिलाव सकाळी आणि संध्याकाळी होतो. संध्याकाळचा बघा, चारच्या सुमाराला बोटी टेकायला लागतात. लिलावात टोपल्याच्या टोपल्या जातात, चार माणसांना त्याचा उपयोग नाही. बाजूला कोळणी वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. आधी एक फेरी मारून तीन-चार ठिकाणी भाव ऐका, मग बसा. चौघांच्या घरात तिघांना दोन वेळचं म्हणून मध्यम सुरमई एक आणि कोळंबीचा एक वाटा पुरे. साफ करून, तुकडे पाडून तिथेच मिळतात, पण तोलल्यावर डोकं बाजूला काढायला देऊ नका, कालवणाला चव त्याचीच.

ताजेपणा असा पाहा: कल्ला उचलून आत बोट घाला. गडद लाल आणि ओलसर हवा, तपकिरी-चिकट नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ. अंगावर अंगठा दाबून सोडला की खळगा भरून आला पाहिजे. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट पाणी येतं ते ताजं, लालसर आलं तर शिळं. बांगड्याचं पोट मऊ पडलेलं असेल तर भाव कितीही उतरू दे, सोडून द्या. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी शिंपली टिचकी मारून मिटत नसेल तर मेलेली समजायची, आणि शिजवल्यावरही जी उघडत नाही ती टाकायची. चिंबोरी हातात घेतली की आकारापेक्षा जड वाटली पाहिजे. अमावस्येच्या सुमाराला ती भरलेली असते असं कोळी मानतात.

बोंबील घरी तळणार असाल तर पाणी काढल्याशिवाय तळू नका. मधून चिरून, काटा काढून, मीठ लावून फडक्यावर पसरा, वर दुसरं फडकं आणि पाटा किंवा जड तवा. अर्ध्या तासात फडकं चिंब होतं. मग हळद, तिखट, आगळ (कोकमाचा रस), लसूण. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे. हे पाणी राहिलं की पीठ तव्यात सुटतं आणि बोंबलाचा लगदा होतो.

खवळलेला समुद्र असेल तर बोटी जात नाहीत, मग बंदरावर बर्फातला मासा येतो. त्या दिवशी खाडीचं घ्या, कोळंबी आणि तिसऱ्या. पुढे कधी उन्हाळ्याच्या शेवटी जायचा विचार असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते.

डहाणू_बाजू

एवढं दूर नको वाटलं तर दोन रात्रींचा धाकटा पर्याय: भिलाडला हायवे सोडून उमरगाव, बोर्डी, घोलवड, डहाणू. बोर्डी ते डहाणू सतरा-अठरा किमी, एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि डिसेंबरात चिकू असतो. जेटी नाही, घाट नाही, सासूबाईंना लांबचा प्रवास नाही.

दमणला वळणार असाल तर परत येताना गाडीत बाटली ठेवू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीवर तपासणी होते आणि गाडीसकट अडकता.

मांजलपूरकर

मनापासून आभार. मालवण काढलं, गुरुवार प्रवासाला टाकला. दिवेआगरला शाकाहारी घर, हर्णैला मासे करून देणारं. आता शेवटचं: हर्णैहून मासे बडोद्याला आणता येतील का? वाटेत पनवेलची रात्र आहे.

कोळंबी_कालवण

येतील, पण सगळेच नाहीत. सुरमई, हलवा, रावस टिकतात. बोंबील, मांदेली, तारली आणू नका, पोट लवकर फुटतं.

मासा अख्खा ठेवा, फक्त पोट आणि कल्ले साफ करून घ्या. तुकडे केले की रस सुटतो आणि चव जाते. जाड थर्माकोलची पेटी, तळाला एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक, त्याला बूच. माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ: खाली थर, मग मासा, पोटाच्या पोकळीतही बर्फ, वर पुन्हा थर. दर चार तासांनी बूच काढून पाणी सोडा. मासा खराब होतो तो बहुतेक वितळलेल्या पाण्यात बुडून राहिल्यामुळे. पनवेलला रात्री बर्फ पूर्ण बदला. पेटी डिकीत, वर ओलं गोणपाट. घरी आल्यावर त्याच दिवशी तुकडे करून फ्रीझरमध्ये, एका वेळेला लागेल तेवढं एका पिशवीत.

सुकं आणणं त्याहून सोपं. सोडे, जवळा, सुके बोंबील हर्णैच्या बाजारात मिळतात. सोडे हातात कुरकुरले पाहिजेत, वाकले तर आत दमटपणा आहे. दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात घाला, नाहीतर एसीतून वास बडोद्यापर्यंत गाडीभर फिरतो. बडोद्याला आल्यावर एक दिवस गच्चीत कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं की डब्याला आतून घाम येतो आणि आठवड्यात बुरशी धरते. शेजारी शाकाहारी असतील तर ऊन दुपारी बाराच्या पुढे द्या, सकाळच्या पूजेच्या वेळी नको.

घाटवळण

घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, जेटीवरचं खारं पाणी सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांना गंज आणतं. सर्व्हिस स्टेशनवाल्याला "अंडरबॉडी" असं वेगळं सांगा, नाहीतर नुसतं वरून पाणी मारून देतात.