अण्णांसाठी काउन्सेलर हवाय, कोल्हापुरात, मराठीतून निवांत बोलणारा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. अण्णा (वडील, वय ६८) जन्मापासून इथलेच, पाणी येणं-जाणं त्यांना नवीन नाही. पण २०१९ च्या पुरात रात्री पाणी एकदम चढलं आणि गोठ्यातल्या दोन म्हशी त्यांनी स्वतःच्या हातानं दावं कापून सोडल्या, एक चार दिवसांनी सापडली, दुसरी नाही. २०२१ ला परत पूर आला तोवर राहिलेली पण विकली होती, सामान माळ्यावर टाकून वेळेत बाहेर पडलो, नुकसान फार नाही, पण माणूस बिघडला तो त्यानंतरच.

आता जून लागला की झोप नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी सारखी मोबाईलवर बघणार, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे आमच्या बारक्याला पण पाठ झालंय. राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला म्हटलं की जेवण बंद, छातीत धडधड, घाम. गेल्या आठवड्यात तर चक्क ऊन पडलेलं, तरी रात्री दोनला उठून गॅसची टाकी जिन्यावर नेऊन ठेवली. ईसीजी, शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल.

विषय काढला की "मला काय येड लागलंय व्हय?" एकदा कसंबसं एका ठिकाणी नेलं (नाव नको), पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून मोकळे, पुराचा विषय निघालाच नाही. वर बाहेर बाकावर तालमीतले ओळखीचे भेटले, आता तिकडं पाऊल टाकणार नाहीत.

डॉक्टर गाठू का काउन्सेलर, फरक काय? एका ठिकाणी सेशनला १२०० सांगितले, दर आठवड्याला झेपणार नाही.

रंकाळाकाठ: भावा, सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी नाहीतर डीपीएम (मानसोपचारातला डिप्लोमा) झालेला डॉक्टर, गोळ्या तेच देतात. बोलून उपचार करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्यांचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर असतो, सरळ विचार, लाजायचं काय त्यात, आरसीआयच्या वेबसाईटवर नाव तपासता येतं. नुसता 'काउन्सेलर' बोर्ड काय कुणीपण लावतंय. सीपीआरला (सरकारी दवाखाना) मानसोपचार विभाग आहे, खर्च किरकोळ, पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. गर्दी असतीया, मामांना नेलेलं तेव्हा अर्धा दिवस गेला.

गडहिंग्लजकर: १४४१६ लावा, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. पेशंटनंच फोन करायला पाहिजे असं नाही, आधी तुम्ही बोला. आणि कुठंही गेलात तरी 'झोप येत नाही' पासून सुरू करू नका, झोपेचीच गोळी मिळणार. पुरात काय झालं, तिथनं सुरू करा.

रंकाळाकाठ: हे बरोबर आहे. आणि 'येड्याचा डॉक्टर' म्हणू नकोस, धडधडीसाठी दाखवूया म्हण, खोटं पण नाही ते.

मूळ लेखक: काल १४४१६ लावला, स्पीकरवर होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं गेलेल्या म्हशीचं नाव काय होतं. मी म्हटलं चंद्री. अण्णा दारात कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही, फोन ठेवल्यावर म्हणाले, "चंद्री इकली रं. गेली ती मोरणी." आणि मग तासभर मोरणीचंच, किती दूध द्यायची, गंगावेशीच्या कट्ट्यावर तिचं दूध हातोहात कसं जायचं. सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी हे.

सोमवारी सीपीआरला जायचं ठरलंय, धडधडीसाठी. पण बोलणारं माणूस अजून हवंच आहे. आरसीआय नंबरवालं, वयस्कर असेल तर उत्तम, राजारामपुरी किंवा ताराबाई पार्क, म्हणजे पेठेतलं कुणी भेटणार नाही. नाव माहीत असेल तर व्यनि (खासगी मेसेज) करा, इथं उघड नको.