मदत हवी आहे: २३ पैकी ११ कुत्र्यांना उलट्या-जुलाब, कारण सापडत नाहीये

आमच्या निवाऱ्यात २३ कुत्रे आहेत. मंगळवारपासून ११ जण आजारी. दोघांच्या शीमध्ये रक्तही होतं. सलाइन, औषधं डॉक्टर बघताहेत, त्यामुळे कृपया औषधं सुचवू नका. मला हवंय ते कारण.

सगळ्यांचा पहिला संशय खाण्याच्या नव्या पोत्यावर. माझाही. पण वहीत मांडून बघितलं: मंगळवारी १, बुधवारी २, गुरुवारी एकही नाही, शुक्रवारी ५, शनिवारी ३. खाणं बाधलं असतं तर बहुतेक एकदमच आडवे झाले असते ना? हे तर एकाकडून दुसऱ्याकडे सरकल्यासारखं दिसतंय. शिवाय किडनीचा त्रास असलेली आमची म्हातारी कुत्री त्या पोत्यातला दाणाही खात नाही, आणि ती आजारी. मागच्या रांगेतले ९ जण तेच खाऊन शेपट्या हलवताहेत! मागची रांग दुसरी ताई धुते, तिचा पोछा आणि बादली वेगळी. पुढच्या १४ खोल्यांना मात्र एकच पोछा फिरतो. हे लिहिताना माझंच मला वाईट वाटतंय.

पार्व्होची (कुत्र्यांना रक्ती जुलाब करणारा विषाणू) किट दोघांवर केली, दोन्ही निगेटिव्ह. पण एकाची पहिल्याच दिवशी केली होती, तेव्हा विषाणू शीमध्ये पुरेसा उतरलेला नसू शकतो. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी प्रत्येक वेळच्या शीमध्ये सापडत नाही म्हणून तीन दिवसांचे नमुने घेतोय. पीसीआरला (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी लॅबची चाचणी) एकच नमुना गेलाय.

आता नेमकं विचारायचंय ते हे. मागच्या रांगेतल्या धडधाकट कुत्र्यांचीही शी तपासायला द्यावी का? मला वाटतं द्यावी, नाहीतर आजाऱ्यांत सापडलेला जंतू खरा गुन्हेगार की नुसता बघ्या, हे कळणार कसं? २०१९ मध्ये नॉर्वेत कुत्र्यांना रक्ती जुलाब झाले तेव्हा संशय प्रॉव्हिडेन्सिया आल्कलिफेशियन्स या जिवाणूवर गेला, पण ठाम शिक्कामोर्तब झालं नाही. तिथे तर अख्खी यंत्रणा कामाला लागली होती.

पोत्यातलं थोडं खाणं हवाबंद पिशवीत, बॅच नंबर लिहून फ्रीझरमध्ये ठेवलंय. ते तपासायला पाठवण्यात अर्थ आहे का, की पैसे पीसीआरवरच घालू? फिनाइल बंद केलंय, पार्व्हो त्याला दाद देत नाही. आधी घाण काढून मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं. मातीच्या अंगणाचं काय करायचं ते कुणी केलं असेल तर सांगा.

ता. क. आत्ताच बाराव्याला उलटी झाली. पुढच्याच रांगेतला.