खासदारांची वेळ मिळालीय. उपचाराचे नव्हे, संशोधनाचे पैसे कसे मागायचे?

टायरवाला_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या पोटऱ्या लहानपणापासून जाड, म्हणून गल्लीत सगळे त्याला पैलवान म्हणायचे. आम्हीही कौतुकानं हसायचो. पुढं तो जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकायला लागला, जिन्यात थांबायला लागला. सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, १४ हजार आलं. जनुकीय तपासणीत ४५ ते ५० क्रमांकाचे एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, गायब. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार.

सध्या स्टिरॉइड आणि फिजिओथेरपी चालू आहे. अमेरिकेत अशा मुलांसाठी २०१६ पासून एक औषध आहे, पण त्यानं आजार बरा होत नाही आणि त्याची किंमत आमच्या अख्ख्या गल्लीच्या जमिनीएवढी. म्हणून आम्ही सात पालकांनी ठरवलंय, की औषध इथं तयार व्हावं यासाठी सरकारनं संशोधनाला पैसे द्यावेत असं सांगायचं. येत्या मंगळवारी खासदारांची वेळ मिळालीय. मी टायर रिमोल्डिंगवाला, असल्या दालनात कधी गेलेलो नाही. काय बोलू? कागद कोणते नेऊ? आणि पोराला बरोबर न्यावं का?

चष्मेवाली

दादा, मी केलेली चूक आधी सांगते, म्हणजे तुमचा एक फेरा वाचेल.

माझा मुलगा आता सोळाचा आहे, व्हीलचेअरवर. चार वर्षांपूर्वी मी आमच्या खासदारांकडे गेले होते. चौतीस पानांची फाइल, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, लेकरू बरोबर. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. लगेच एका हॉस्पिटलला फोन लावला, मदतनिधीसाठी शिफारसपत्र दिलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटो निघाला. मी तरंगत बाहेर पडले. एसटी स्टँडवर चहा पिताना लक्षात आलं, की ‘संशोधन’ हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता.

यात त्यांचा दोष नाही हो. समोर आई आणि आजारी पोर दिसलं की माणसाला मदत सुचते, अंदाजपत्रक सुचत नाही. तो धागा आपणच फिरवायचा असतो. पहिल्याच वाक्यात सांगा: ‘साहेब, माझ्या मुलासाठी आज काही मागायला आलो नाही.’ एवढ्यानं खोलीतली हवा बदलते.

दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं आहे. त्यात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, तीही ठरलेल्या केंद्रांमार्फत. मुंबईचं केईएम त्यातलंच एक. ते पैसे उपचाराचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दुर्मीळ आजारांच्या निधीत दोन वर्षांसाठी ९७४ कोटी ठेवायला सांगितलं, तिथंही रोख रुग्णांना औषध मिळण्यावरच होता. संशोधनाची थैली वेगळी. ती आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था ज्याच्याखाली येते त्या विभागाकडे असते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात त्या विभागाला साधारण ३,९०० कोटी होते आणि आरोग्य व कुटुंब कल्याण विभागाला जवळपास ९६ हजार कोटी. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या, समजावत बसावं लागणार नाही.

‘आपल्याकडे कोण करणार संशोधन?’ असं विचारतील. बंगळुरूच्या डार्ट या संस्थेनं जोधपूरच्या आयआयटी आणि एम्सबरोबर डुशेनवर काम सुरू केलंय, हे सांगा. रिकाम्या जागेसाठी पैसे मागत नाही आहोत, हे कळायला हवं.

दुसऱ्या वेळी मी अर्धं पान नेलं. मुलाला घरी ठेवलं. फोटो नेला, पण तो शेवटी काढला.

माजी_पीए

अकरा वर्षं एका लोकप्रतिनिधीकडे पीए होतो. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. दिवसाला चाळीस-पन्नास पत्रं येतात: बदली, रेल्वेचा कोटा, सभामंडप. ‘निधी वाढवावा’ असं निवेदन आलं की आम्ही मंत्र्यांच्या नावानं वरपत्र लावायचो आणि विषय संपायचा. पोच मिळायची, पुढं काही नाही.

म्हणून निवेदन नको, प्रश्न द्या. तयार मसुदा. विधिमंडळात ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असा असतो ना, त्याच धर्तीवर:

‘(अ) गेल्या तीन वर्षांत डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाने किती रक्कम मंजूर केली, किती वितरित केली व किती खर्च झाली, (ब) देशी औषधांच्या चाचण्या कोणत्या टप्प्यावर आहेत, (क) विलंब असल्यास त्याची कारणे काय.’

दीडशे शब्दांच्या आत ठेवा. संसदेसाठी हिंदी किंवा इंग्रजी प्रतही न्या. मराठीच दिलात तर भाषांतर पीएच्या डोक्यावर, आणि प्रश्न तिथंच मरतो. पूर्ण १५ दिवस आधी सूचना जावी लागते. लोकसभेत आरोग्याचा वार शुक्रवार. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळतं ते, दिवसाला वीसच आणि सोडत असते, त्यामुळे अतारांकितवर समाधान माना. त्याला लेखी उत्तर येतं आणि ते कायम राहतं. आकडा एकदा पटलावर आला की पुढच्या वर्षी तोच आकडा हातात घेऊन भांडता येतं.

खासदार मंत्री असतील तर त्यांना प्रश्न विचारता येत नाही, मग दुसरे गाठा. खासदार निधीतून मागू नका. वर्षाला पाच कोटी, तेही रस्ते-इमारतींसारख्या कामांना, संशोधनाला नाही. नकाराची संधी आयती देऊ नका.

आणि पीएला चहा पाजू नका, फक्त त्याचा नंबर घ्या. खरा पाठपुरावा त्याच्याकडेच करायचाय.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथं आम्ही पालक वॉशिंग्टनला जातो तेव्हा बहुतेक वेळा लोकप्रतिनिधीचा पंचविशीतला मदतनीसच भेटतो. पंधरा मिनिटं, मागणी एकच.

एक किस्सा सांगतो. १९९१ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या बायकांनी इथं सहा लाखांच्या आसपास पत्रं जमवून काँग्रेस, म्हणजे इथली संसद, आणि राष्ट्राध्यक्षांकडे पोचवली. नेहमीच्या आरोग्य खात्यात पैशाला जागा नव्हती, तेव्हा ते १९९३ च्या अंदाजपत्रकात चक्क लष्कराकडून आले, २१ कोटी डॉलर. त्याच व्यवस्थेत पुढं डुशेनच्या संशोधनाचंही खातं निघालं. सांगायचं काय, तर पैसा कुठल्या खिशात आहे ते आधी शोधा.

सगळं_पाहिलंय

एका प्रश्नानं काय होणार? उत्तर येईल ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’. फाइल बंद.

चष्मेवाली

येतं, तसंही उत्तर येतं. आमच्या पहिल्या प्रश्नाला धोरणाची तीन पानं उतरवून दिली होती, रकमेचा उल्लेखच नाही. मग आम्ही तेच उत्तर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या दोन सदस्यांना पाठवलं, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुट्टीत. तेव्हा समिती विभागांच्या मागण्या तपासते आणि सचिवांना समोर बसवून विचारते. एकानं फोन करून अर्धा तास ऐकून घेतलं. पैसे वाढले का? नाही. पण त्या माणसाला आता ‘डुशेन’ म्हणजे काय ते माहीत आहे, आणि तो समितीत आहे. तुम्ही सात घरं आहात ना? मग तीन तरी मतदारसंघ असतील. सातही जण एकाच दारात जाऊ नका.

टायरवाला_बाबा

चार मतदारसंघ निघाले! हे आम्हाला सुचलंच नव्हतं. प्रश्नाचा मसुदा भाचीकडून हिंदीत करून घेतोय, अर्धं पान मीच लिहिलंय. आकडे शेजारी शेजारी मांडले आणि बायको म्हणाली, ‘एवढंच?’

पोराला नेणार नव्हतो. पण त्याला कळलंय, आणि मंगळवारी शाळेत गणिताची चाचणी आहे. काल रात्रीपासून तो समजावतोय, की साहेबांना आपण स्वतः भेटलेलंच बरं.