मंडळाची देणगी नवाहो संस्थेला द्यावी का?

फिनिक्सकर
आमच्या मंडळात सध्या यावरून जुंपली आहे. गणपतीतली शिल्लक दरवर्षी पुण्या-मुंबईच्या संस्थांना जाते. यंदा मी सुचवलं, अ‍ॅरिझोनात राहतो तर इथल्या नवाहो या मूळ अमेरिकन आदिवासी जमातीनं स्वतः चालवलेल्या संस्थेला देऊ. नवाहो नेशनच्या माजी अ‍ॅटर्नी जनरल एथेल ब्रँच यांनी मार्च २०२० मध्ये निधी उभारून नवाहो आणि शेजारच्या होपी जमातीच्या कुटुंबांना शिधा-पाणी पोचवायला सुरुवात केली, त्या कामासाठी. तुमचं मत सांगा.

रोखठोक
घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! मेळघाटात पोरं कुपोषणानं जातात आणि तुम्ही कॅसिनो चालवणाऱ्या जमातीला पैसे वाटणार?

नयना_गॅलप
कॅसिनो हा शब्द कधी येतो याची वाटच बघत होते. नवाहोंचा पहिला कॅसिनो निघाला २००८ मध्ये, आणि त्यानं घराघरात नळ आलेला नाही. सुमारे तीस टक्के घरांत अजून वाहतं पाणी नाही.

मी त्या भागात नोकरी केली आहे. सुट्टीच्या दिवशी पाणी भरायच्या जागी पिकअपची रांग लागते. मागे पट्ट्यांनी आवळलेली पांढरी प्लास्टिकची टाकी, शेजारी आजी, मांडीवर नातू. कित्येकदा घराजवळच पवनचक्कीची विहीर असते, पण तिच्यावर पाटी: फक्त जनावरांसाठी. १९४४ ते १९८६ या काळात या जमिनीतून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियम खनिज उपसलं आणि पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या. काही विहिरींच्या पाण्यात युरेनियम आणि आर्सेनिक आहे. कुठल्या आजीचं घर कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहे आणि तिला फक्त नवाहोच कळतं, हे न्यूयॉर्कच्या ऑफिसातून दिसत नाही. म्हणून संस्था त्यांची हवी.

विलासकाका
नयनाताई, हे सगळं मान्य, म्हणूनच माझा विरोध आहे. ज्यांनी खाणी खणल्या आणि खणू दिल्या त्यांनी पाणी द्यावं. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५-४ अशा मतांनी सांगितलं की सरकारनं नवाहोंशी केलेल्या १८६८ च्या करारानुसार नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं सरकारवर बंधनकारक नाही. आता तुम्ही टाक्या भरून द्या, म्हणजे सरकार हात झटकायला मोकळं.

नयना_गॅलप
काका, निकाल फिरेपर्यंत लोकांनी प्यायचं काय? आणि कोर्टात भांडायलाही पैसाच लागतो. नेटिव्ह अमेरिकन राइट्स फंड १९७० पासून तेच करतोय, आणि तोही मूळ अमेरिकनांचाच आहे.

हिशोबी
माझी शंका साधी आहे. छोट्या संस्थेचा हिशेब कोण बघणार? वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत उलाढाल असली की आयकर खात्याला नुसतं ई-पोस्टकार्ड भरलं तरी चालतं. त्यातून डोंबल कळत नाही.

फिनिक्सकर
आमचं मंडळही तेच भरतं हो. 🙂

अनघा
रोखठोक, मेळघाटात द्यायला कोणाची ना नाही, पण मंडळ अमेरिकेत नोंदलेलं, म्हणजे त्याचा पैसा परदेशी. घेणाऱ्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा भारत सरकारचा परवाना हवा, आणि गावातल्या लहान गटाकडे तो बहुधा नसतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपापल्या बचतीतून सरळ पाठवावा, तो परदेशी धरत नाहीत. मंडळाचा मात्र शेवटी शहरातल्या बड्या संस्थेतच मुक्काम. तिथे निर्णय घेणारे आदिवासी किती आणि नुसते लाभार्थी आदिवासी किती, मोजा.

आणि ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांसाठी: १८४७ मध्ये चोक्टाव या दुसऱ्या मूळ अमेरिकन जमातीनं आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर पाठवले होते, तेही स्वतः आपल्या जमिनीवरून हाकलले गेल्याला दोन दशकं झाली नव्हती तेव्हा. २०२० मध्ये ते आठवून आयरिश लोकांनी याच नवाहो-होपी निधीत भर घातली.

रोखठोक
चोक्टाव वेगळे, नवाहो वेगळे. आणि आयरिशांवर उपकार होते, आपल्यावर कसले? एफसीआरएचं मात्र ठाऊक नव्हतं. मी माझे वेगळे पाठवतो मेळघाटात.

विलासकाका
दिलेच तर निदान ‘फक्त शिध्यासाठी’ अशी अट नको. पाइप, वकील की पीठ, ते त्यांनी ठरवावं. फोटोही मागू नका.

फिनिक्सकर
रविवारच्या बैठकीत ठराव असाच मांडतो. खजिनदारांना फोटो हवेच आहेत, त्यांच्याशी वेगळं भांडावं लागेल.